जागल आणि खबर : मोहर्ली परिसरातील गावराखणीचा इतिहास

स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की स्थापनेचा दिवस, पहिल्या अध्यक्षांचे छायाचित्र, नोंदणी क्रमांक आणि इमारतीची कोनशिला एवढी सामग्री सहज हाताशी लागते. ताडोबाच्या कडेवरील मोहर्ली आणि तिच्या शेजारच्या गावांत जी राखणीची व्यवस्था उभी राहिली, तिच्याकडे यातले काहीच नाही. तिला कोनशिला नाही, कार्यालय नाही आणि नावही एक नाही. कधी ती जागल होती, कधी कोतवालाची दवंडी, कधी पोलीस पाटलाची वर्दी. पुढे वन समिती आली, परिस्थितिकी विकास समिती आली आणि अलीकडे प्राथमिक प्रतिसाद दल आले. काम मात्र प्रत्येक वेळी तेच राहिले. वाघ कुठे आहे ही खबर, ज्या कुणाला तिची गरज आहे त्याच्यापर्यंत, वाघाच्या आधी पोहोचवायची.

ताडोबाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला १९५५ साली. म्हणजे २०२५ मध्ये ७० वर्षे झाली. उद्यानाचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. वाघांचा तर त्याहून अधिक लिहिला गेला. इथल्या एकेका वाघिणीची वंशावळ पर्यटकांना तोंडपाठ असते. उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या माणसांनी एकमेकांना कसे सांभाळले, हे मात्र फारसे कुणी टिपून ठेवले नाही. या लेखात तेवढ्यापुरतेच लिहायचे आहे.

आधी वस्ती कशी आहे ते पाहू, कारण राखणीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. चंद्रपूरहून निघालेला रस्ता ऊर्जानगर, दुर्गापूर, पद्मापूर, आगरझरी करत सुमारे ३० किलोमीटरवर मोहर्लीच्या प्रवेशद्वाराशी येतो. या एवढ्या अंतरात तीन-चार जगे ओलांडावी लागतात. सुरुवातीला औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या आणि कोळशाच्या खाणी. तिथल्या वसाहतींत मराठीच्या बरोबरीने हिंदी, तेलुगू, बंगाली बोलणारी कुटुंबे आहेत. कुणी खाणीच्या नोकरीने आले, कुणी ठेकेदाराच्या टोळीबरोबर. पद्मापूर मागे पडले की जंगल अंगावर येते आणि बोलणेही बदलते. झाडीबोलीचा हेल ऐकू येतो, म्हाताऱ्यांच्या तोंडी गोंडी असते. गोंड, माना, कुणबी, ढिवर, बौद्ध अशी घरे एकाच गावात पण आपापल्या टोल्यात. मोहर्लीच्या एका अंगाला इरई धरणाचे पाणी पसरले आहे. हे धरण बांधले गेले ते विद्युत केंद्राच्या गरजेसाठी. दुसऱ्या अंगाला गाभा क्षेत्राची हद्द. आता त्यात रिसॉर्टची भर पडली. तिथे काम करणारी काही मुले दुसऱ्या राज्यांतली आहेत आणि मुक्कामाला येणारे पाहुणे सगळ्या देशातले, क्वचित परदेशातले.

इतक्या निरनिराळ्या माणसांना धोका एकच आहे. पण प्रत्येकाच्या धोक्याची वेळ निराळी. ढिवराची पहाटेची, गावची गुरे राखणाऱ्या गायकीची दुपारची, धानाच्या बांधीवर जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याची मध्यरात्रीची, खाणीतून दुसरी पाळी करून सायकलने परतणाऱ्याची रात्री अकरा-बाराची. मोहफुले वेचणारी बाई तर दिवस उगवायच्या आधीच झाडाखाली वाकलेली असते. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

या राखणीचे सर्वांत जुने रूप देवळात सापडते. ताडोबा तलावाच्या काठी झाडाखाली तारू या देवाचे स्थान आहे. तारू हा गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना तो गेला आणि लोकांनी त्याला देव केले, अशी कथा आहे. जंगलाला नाव पडले ते त्याच्यावरून. पौषात आदिवासी भाविक इथे दर्शनाला येत. हल्ल्याची जागा पिढ्यान् पिढ्या लक्षात राहावी म्हणून दगडाला शेंदूर लावायचा, जाता-येता हात जोडायचे, म्हणजे तिथून जाताना पाऊल आपोआप सावध पडते. गोंडांच्या श्रद्धेकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहणाऱ्यांनी ही बाजूही ध्यानात घ्यावी.

जागल हे त्याच काळातले दुसरे साधन. पीक राखायला शेतात माळा घालून रात्र काढायची, रानडुकरांना हाकलायचे आणि एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्याला हाळी द्यायची. हाळीला उत्तर आले नाही की शेजारचा कंदील घेऊन उतरायचा. दिवसा हीच जबाबदारी गायकीवर असे. गावातली सगळी जनावरे एकटा माणूस रानात नेतो, त्यामुळे कुठल्या नाल्यात पाणी आहे, कुठे चितळे ओरडली, कुठे गिधाडे उतरली हे त्यालाच आधी कळते. संध्याकाळी गुरे गावात शिरताना गायकी जे सांगे ते त्या दिवसाचे वर्तमानपत्र.

गावभर सांगायची गोष्ट असली तर कोतवाल दवंडी देई. इथे एक अडचणीची गोष्ट लिहिलीच पाहिजे. जुन्या गावकीत हे काम बहुतेक ठिकाणी महारांकडे असे. सगळ्या गावाला धोक्याची सूचना देणारा माणूस स्वतः गावाच्या टोकाला, म्हणजे जंगलाच्या सर्वांत जवळ राहत होता. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली आणि पुढच्या काळात अनेकांनी गावकीची कामे सोडून दिली. ते योग्यच झाले. कोतवालाचे पद पुढे महसुली नोकरी म्हणून उरले, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे काम कायद्यात बसवले. त्यानंतर धोक्याची वर्दी देणे हे एका जातीचे ओझे न राहता निदान कागदावर तरी सगळ्या गावाचे काम झाले.

याच सुमारास जंगलाचा मालक बदलत होता. ताडोबात शिकारबंदी स्वातंत्र्यापूर्वीच आली होती. १९५५ मध्ये ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. महाराष्ट्राचे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्राने जाहीर केलेले नाही, ही गंमत चंद्रपूरकर आवडीने सांगतात. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले, १९९० च्या दशकाच्या मध्यात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प आला. गाभा क्षेत्र ६२५ चौरस किलोमीटरचे ठरले. जंगल वाचले, वाघ वाढले, आणि याच काळात खबरीचा झरा मात्र आटला.

तो का आटला, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. वाघ कुठे पाहिला हे सांगायचे, तर आपण कुठे होतो हेही सांगावे लागते. सरपणाची मोळी, बांबूचे वास्ते, मोहाची टोपली किंवा चरायला सोडलेली गाय घेऊन माणूस जिथे गेला होता, तिथे जायला आता बंदी होती. वनरक्षकाला खबर द्यायची म्हणजे स्वतःविरुद्ध गुन्ह्याची कबुली द्यायची. म्हणून गायकी गप्प बसू लागला. बायका आपसात बोलत, पण खाकी कपडा दिसला की विषय बदलत. वनखात्याला वाघाचे पगमार्क मिळत, पण त्या वाटेने उद्या कोण जाणार आहे हे मिळत नसे. गावाला कोण जाणार हे ठाऊक असे, पण वाघ कुठे आहे हे उशिरा कळे. दोघांकडे अर्धी-अर्धी खबर. या लेखकाच्या मते मोहर्ली परिसरातल्या गावराखणीचा सगळा आधुनिक इतिहास म्हणजे ही दोन अर्धी जोडण्याची खटपट होय.

मधल्या काळात गाभ्यातली गावे उठली. बोटेझरी आणि कोळशाचा काही भाग २००७ मध्ये बाहेर आला, पुढे नवेगाव आणि जामणीचीही पाळी आली. पुनर्वसनाच्या बऱ्या-वाईटाची चर्चा इथे करत नाही, ती स्वतंत्र लेखाची सामग्री आहे. एवढे मात्र खरे की या गावांबरोबर आतल्या वाटांची, पाणवठ्यांची, आवाजांची जुनी माहितीही बाहेर आली आणि विखुरली. २०१० मध्ये गाभ्याभोवती १,१०१ चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र जाहीर झाले आणि मोहर्ली, सीतारामपेठ, मुधोली, आगरझरी, देवाडा, अडेगाव ही गावे व्याघ्र प्रकल्पाच्या कारभारात आली. सुरुवातीला विरोध मोठा होता. आधीच एवढी बंधने, त्यात आणखी एक रेघ कशाला, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारला गेला.

त्या विरोधाला उत्तर म्हणून ग्राम परिस्थितिकी विकास समित्या पुढे आल्या. गावातले प्रतिनिधी, सचिवपदी वनखात्याचा कर्मचारी, आणि पर्यटनाच्या उत्पन्नातला वाटा गावाच्या कामासाठी, अशी रचना. २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेतून घरोघरी स्वयंपाकाचा गॅस, शेताला सौर कुंपण, शौचालये अशी कामे सुरू झाली. शौचालय आणि गॅस यांचा राखणीशी काय संबंध, असे शहरातला वाचक विचारील. पहाटे अंधारात झुडपाआड जावे लागत नाही आणि आठवड्यातून चार वेळा सरपणाला जावे लागत नाही, हीच मोठी राखण. गॅसची टाकी संपल्यावर पुन्हा भरायला पैसे नसतात, तेव्हा चूल पेटते आणि बाई जंगलात जाते, हेही तितकेच खरे.

समितीच्या बैठकांत हळूहळू एक अलिखित करार झाला. खबर आणणाऱ्याला तू तिथे काय करत होतास, असे विचारायचे नाही. कुठल्याही शासन निर्णयात हे वाक्य सापडणार नाही. काही वनरक्षकांनी ते पाळले, काहींनी नाही. जिथे पाळले गेले तिथे गायकी पुन्हा बोलू लागला.

२०१२ च्या उन्हाळ्यात बफरमधल्या गोंडमोहाडीजवळ शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात दोन वाघ अडकले, त्यातला एक मेला. मध्य भारतात फिरणाऱ्या बहेलिया टोळ्यांचे नाव तेव्हा गावागावांत पोहोचले. गावात कोण नवखा आला, नाल्याकाठी कुणी पाल ठोकले, जडीबुटी विकणारा तीन दिवस का थांबला, अशा खबरींना एकाएकी किंमत आली. त्याच सुमारास ताडोब्यात विशेष व्याघ्र संरक्षण दलही उभे राहिले आणि त्यात स्थानिक मुलींनी गणवेश चढवला. शिकार रोखण्यात गावांच्या डोळ्यांचा वाटा मोठा आहे. तरीही या पर्वाची दुसरी बाजू नोंदवायला हवी. नवख्यावर नजर ठेवायची म्हटले की ती नजर आधी भटक्यांवर, पारध्यांवर आणि परप्रांतीय मजुरांवर जाते. पोट भरायला आलेल्या माणसाला नुसत्या संशयावरून गावाबाहेर काढणे ही राखण नव्हे. जाणत्या पोलीस पाटलांनी अशा वेळी पाहुण्याचे नाव-गाव शांतपणे टिपून घेतले, त्याला चहा पाजला आणि ठाण्याला कळवले. जिथे जाणता माणूस नव्हता तिथे भांडणे झाली.

राखण म्हणजे केवळ वाघापासूनची राखण, असेही समजू नये. २००७ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि बांधाची, पाण्याची, नवरा-बायकोची भांडणे चावडीवर मिटवायची सवय काही गावांना लागली. दारूचा प्रश्न त्याहून बिकट. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेच्या पुढाकाराने दारूबंदीसाठी हजारो बायका चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत विधिमंडळावर गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली, २०२१ मध्ये ती उठली. बंदी यशस्वी झाली की नाही, यावर इथे दोन माणसांचे एकमत होत नाही. पण दारू पिऊन रात्री जंगलवाटेने येणारा माणूस हा घरच्यांसाठी आणि राखणदारांसाठी सारखाच घोर असतो, यावर सगळ्यांचे एकमत आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई, शंकरपट आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाटक पहाटेपर्यंत चालते. नाटक बघायला गेलेल्यांनी उजाडेपर्यंत मंडपातच थांबावे, ही सूचना आता कित्येक गावांत रंगमंचावरूनच दिली जाते. नायिका एकाच वेळी रडते आणि गाते, अशा प्रवेशानंतर वाघाची सूचना ऐकणे हा अनुभव बाहेरच्या माणसाने एकदा घ्यावा.

आता प्राथमिक प्रतिसाद दलाकडे येऊ. बफर जाहीर झाल्यानंतरच्या दशकात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी भागातल्या गावांत अशी दले बांधली गेली. रचना साधी आहे. गावातलीच पाच-दहा तरुण मुले, हातात काठी, शिटी, विजेरी आणि खिशात मोबाईल. त्यांनी वाघ पकडायचा नसतो, हाकलायचाही नसतो. वाघ दिसल्याची खबर आली की आधी ती खरी की खोटी ते पाहायचे, वनरक्षकाला कळवायचे, त्या बाजूची वाट बंद करायची आणि मग सर्वांत कठीण काम करायचे, ते म्हणजे गर्दी आवरायची.

गर्दीचे हे काम कागदावर एका ओळीत मावते. प्रत्यक्षात नाल्यात वाघ बसला आहे हे कळले की शंभर-दोनशे माणसे काठाला उभी राहतात. कुणी दगड मारतो, कुणी झाडावर चढून चित्रफीत काढतो. वाघाला निघायला एकच वाट असते आणि त्या वाटेवर लोक उभे असतात. माणसे जखमी होतात ती पुष्कळदा अशा वेळी. बाहेरून आलेल्या वनकर्मचाऱ्याने लाठी उगारली तर गर्दी बिथरते. गावातलाच मुलगा, काका मागे व्हा, मामी पोराला घरी न्या, असे नात्याने सांगू लागला तर लोक कुरकुरत का होईना, हटतात. दलाचे बळ काठीत नाही, या नात्यात आहे. म्हणून दलात एकाच टोल्याची मुले असून चालत नाही. गोंड मोहल्ल्यात कुणब्याच्या पोराने जाऊन दटावले की वेगळाच वाद पेटतो, आणि उलटही तेच. ज्या गावांनी प्रत्येक वस्तीतला एक तरी मुलगा घेतला त्यांची दले टिकली.

दलाचे दुसरे काम मेलेल्या जनावराचे. वाघाने गाय मारली तर मालकाने ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावे लागते, जनावर जागेवरून हलवता येत नाही, पंचनामा व्हावा लागतो. त्यानंतर भरपाई. पूर्वी निरोप उशिरा पोहोचे, पंचनामा राहून जाई, मालक वैतागे, आणि वैतागलेला माणूस मेलेल्या गाईवर विष टाकण्याचा विचार करी. आता दलातला मुलगा फोटो काढतो, जागा दाखवतो, अर्ज लिहून देतो. रात्री वाघ भक्ष्यावर परत येणार हे माहीत असल्याने आसपासच्या घरांना सांगून ठेवतो. एका खबरीतून गावकऱ्याला भरपाई मिळते, शेजारी सावध होतात आणि वाघ विषापासून वाचतो. अर्धी-अर्धी खबर जोडली जाते ती इथे.

मोठा प्रसंग आला तर वरचे दल येते. पशुवैद्यक डॉ. रविकांत खोब्रागडे आणि नेमबाज अजय मराठे यांच्यासह ताडोब्याचे शीघ्र कृती दल जिल्ह्याबाहेरही बोलावले जाते. १३ जणांचा जीव घेणारा सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीच्या वडसा भागात जेरबंद झाला, तो याच दलाच्या हातून. वाघ धोकादायक ठरवायचा कधी, याचे नियम राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१३ मध्ये घालून दिले आणि निर्णयाच्या समितीत पंचायतीच्या प्रतिनिधीला जागा दिली. ही जागा किती ठिकाणी नुसती सहीपुरती असते, ते गावच्या सरपंचांना विचारावे.

मोहर्लीचे म्हणून एक खास दुखणे आहे, ते इतर गावांत नाही. इथे वाघाची खबर विकली जाते. ताडोब्याचे सर्वांत गजबजलेले प्रवेशद्वार मोहर्लीचे. गाईड, जिप्सीचालक, रिसॉर्टचे कामगार, चहावाले, सगळ्यांची चूल वाघाच्या दर्शनावर पेटते. तेलिया तलावाच्या चार बहिणी, वाघडोह नावाचा तो अवाढव्य नर, यांच्या नावावर मोहर्लीत घरे उभी राहिली. वाघडोह २०२२ च्या मे महिन्यात सिनाळ्याजवळ म्हातारपणाने गेला, तेव्हा गावात घरचे माणूस गेल्यासारखी चर्चा झाली. आता पाहा, आगरझरीच्या रस्त्यावर वाघीण बसली आहे, ही एकच बातमी. गाईडला ती हवी असते तिकडे जायला, मोह वेचणाऱ्या त्याच्याच आईला हवी असते तिकडे न जायला. गाईडला ती इतरांआधी मिळवायची असते, आईला ती सगळ्यांना सांगायची असते. मोबाईलवरून जागा कळली की जिप्सींची रांग लागते, म्हणून गाभा क्षेत्रात सफारीला मोबाईल नेण्यावर बंदी आली. बंदी योग्यच होती. तिचा एक फायदा कुणी फारसा बोलून दाखवत नाही. फेरी संपवून बाहेर आलेला गाईड आता बातमी घरी सांगतो, आधी जिप्सीवाल्यांच्या गटावर टाकत नाही. स्थानिक महिला मोहर्लीच्या प्रवेशद्वारावर गाईड म्हणून काम करू लागल्यापासून तर या दोन खबरींमधले अंतर आणखी कमी झाले. सकाळच्या फेरीत पाहिलेल्या वाघिणीची दिशा दुपारी हातपंपावर सगळ्या बायकांना ठाऊक झालेली असते.

सांगण्याची भाषा हाही प्रश्नच होता. फलकावर लिहिलेले असते, ‘सदर परिसरात हिंस्र वन्यप्राण्यांचा वावर असल्याने नागरिकांनी सतर्कता बाळगावी.’ हातपंपावर तीच गोष्ट अशी सांगितली जाते, ‘तलावाच्या पाळीकडं वाघीन बच्चे घेऊन हाये, दोन दिस सरपनाले नोका जाऊ बाप्पा.’ दुसऱ्या वाक्यात जागा आहे, कारण आहे आणि मुदत आहे. पहिल्यात यातले एकही नाही. वनखात्याने अलीकडे ध्वनिक्षेपकावरून बोलीत सूचना द्यायला सुरुवात केली आहे, हे चांगले झाले. खाणीकडच्या वस्त्यांत मात्र हीच सूचना हिंदीतून द्यावी लागते.

त्या वस्त्यांनी २०२२ मध्ये फार सोसले. फेब्रुवारीत विद्युत केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराला मारले आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला उचलले. नंतरच्या महिन्यांतही दुर्गापुरात हल्ले थांबेनात. मे महिन्यात एका आईने काठीने बिबट्याला झोडपून आपली चिमुकली सोडवली. त्या रात्री संतापलेल्या लोकांनी वनकर्मचाऱ्यांना डांबून ठेवले. मोहर्लीत अशी वेळ सहसा येत नाही, आणि याचे कारण मोहर्लीची माणसे जास्त सोशिक आहेत असे नाही. दुर्गापूरला जागल नव्हती, गायकी नव्हता, वनरक्षकाशी वर्षानुवर्षांची ओळख नव्हती. कामाच्या पाळीवर येणारी-जाणारी, निरनिराळ्या मुलखांतली माणसे. शेजारी कोण राहतो तेही नीट ठाऊक नसायचे. त्यात बिबट्या वाघासारखा जंगलात थांबत नाही, डुकरे आणि कुत्री असतील तिथे घराच्या भिंतीशी येतो. झुडपे तोडणे, दिवे लावणे, कचरा उचलणे, ही कामे त्यानंतर गांभीर्याने सुरू झाली.

त्या वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत पन्नासहून अधिक माणसे गेली. आदल्याच वर्षी, २० नोव्हेंबर २०२१ रोजी, कोलारा भागात व्याघ्रगणनेच्या पायपिटीत वनरक्षक स्वाती ढुमणे यांच्यावर वाघिणीने झडप घातली होती. त्यांनी वाघीण लांबून पाहिली होती, थांबून वाट पाहिली होती, मग वळसा घेतला होता. सगळे नियम पाळूनही त्या वाचल्या नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर गावकरी आणि वनरक्षक यांच्यातला ‘तुम्ही-आम्ही’ थोडा सैल झाला, असे या भागात फिरताना जाणवते.

२०२३ मध्ये मोहर्लीशेजारच्या सीतारामपेठेत यंत्रे आली. गावाच्या कडेला कॅमेरे बसवले, त्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिली. वाघ कॅमेऱ्यासमोरून गेला की यंत्र त्याला ओळखते आणि गावकऱ्यांच्या व वनकर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर सूचना धाडते. आभासी भिंत असे या व्यवस्थेचे नाव. महाराष्ट्रभरच्या वृत्तपत्रांत सीतारामपेठेचे नाव आले आणि पुढे इतर गावांतही हा प्रयोग नेण्याचे काम सुरू झाले. यंत्र झोपत नाही, घाबरत नाही, आणि तू तिथे काय करत होतास हेही विचारत नाही. त्याच्या मर्यादा मात्र उघड आहेत. मोबाईलला रेंज लागते. म्हाताऱ्या बाईकडे मोबाईल नसतो, तिला कुणीतरी जाऊनच सांगावे लागते. आणि वाघ कॅमेऱ्याच्या वाटेनेच येईल असा करार वाघाने केलेला नाही.

यंत्रापेक्षा मोठी अडचण व्हाट्सअपच्या गटांची. सरपंच, पोलीस पाटील, वनरक्षक, दलातली मुले एका गटात असतात, हे उपयोगाचेच. पण कुठल्यातरी दुसऱ्या जंगलातली जुनी चित्रफीत ‘आत्ताची, आपल्या गावची’ म्हणून फिरते आणि तीन दिवस लोक त्या बाजूला जात नाहीत. चौथ्या दिवशी खरी खबर येते तेव्हा कुणी ऐकत नाही. म्हणून काही गटांनी नियम केला, की स्वतः पाहिले असेल तरच टाका आणि जागेचे नाव लिहा. गायकीची जुनी रीतही हीच होती. त्याने न पाहिलेले तो कधी सांगत नसे.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा (माल) इथे तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्या महिन्यात जिल्ह्यात एकामागून एक बळी पडत राहिले. मोहर्लीतही त्या दिवसांत तेंदू संकलनाच्या फळीवर पाने मोजायला आलेल्या बायकांचे हात थांबत होते. पण सत्तर पानांचा एकेक पुडा बांधून जी रोकड हाती येते तिच्यावर पावसाळ्याचे बियाणे अवलंबून असते. खबर कितीही वेळेवर पोहोचली तरी ती ऐकून घरी बसणे परवडले पाहिजे. मृताच्या वारसाला शासन आता २५ लाख रुपये देते. ही रक्कम मोठी आहे आणि ती मिळायलाच हवी. तेंदूच्या हंगामात टोळीने जाणे, दलाच्या मुलांनी आधी बांधी-नाले पाहून येणे, वाघीण पिलांसह असलेला पट्टा त्या आठवड्यापुरता सोडून देणे, आणि त्या पट्ट्यातल्या मजुरीची भरपाई समितीच्या निधीतून देणे, हे करणे त्या मानाने फार स्वस्त आहे. यातल्या पहिल्या तीन गोष्टी काही गावे करू लागली आहेत. चौथी अजून चर्चेतच आहे.

दरवर्षी १ जुलैला गाभा क्षेत्राची दारे बंद होतात ती ३० सप्टेंबरपर्यंत. गाईड शेतावर जातात, जिप्स्या ताडपत्रीखाली झाकल्या जातात, रोवणीला सुरुवात होते. दलाच्या मुलांना या महिन्यांत काम जास्त असते, कारण धान वाढते तसे लपायला आडोसे वाढतात आणि बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. या मुलांना गणवेश आहे, ओळखपत्र आहे. पण नोकरी नाही. त्यांच्यातली जी गाईड झाली ती पर्यटनाच्या हंगामात दलाला वेळ देऊ शकत नाहीत, जी पुण्या-नागपूरला गेली त्यांची जागा रिकामी राहते. त्यांना बारमाही मानधन आणि जीवन विमा द्यावा, दलात बायकांची संख्या वाढवावी, खाणीकडच्या वस्त्यांतही हिंदी-तेलुगू बोलणारी दले बांधावीत आणि रिसॉर्टवर नव्याने कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी दलाच्या एका तरुणाने गावाच्या वाटा दाखवाव्यात, अशा मागण्या या परिसरातल्या बैठकांत पुन्हा पुन्हा मांडण्याजोग्या आहेत. यातल्या शेवटच्या मागणीला तर शासनाच्या मंजुरीचीही गरज नाही. रिसॉर्टचे मालक आणि समितीचे अध्यक्ष एका सतरंजीवर बसले तर ती येत्या हंगामासाठी, दारे उघडण्याच्या आदल्या दिवशीच, सुरू करता येईल.